जीन्स आणि फ्लॅनेलची दुहेरी गोधडी: आधी चौकोन पुरा करा, मग जोडा

जुन्या जीन्सची गोधडी बहुतेक घरांत एकाच ठिकाणी अडते. चौकोन कापून होतात, एकमेकांना जोडून मोठी चादर तयार होते, कौतुकही होतं. मग खाली फ्लॅनेल अंथरून दोन्ही एकत्र शिवायला घेतात. ते धूड मशीनच्या मानेखालून सरकत नाही, खालचं फ्लॅनेल गोळा होतं, दोन-तीन सुया मोडतात आणि गाठोडं माळ्यावर जातं. माझी पहिली गोधडी अजून तिथेच आहे, अकरा जीन्ससकट.

सगळा घोळ क्रमाचा आहे. साड्यांच्या गोधडीत आपण थर आधी रचतो आणि मग धावदोरा घालतो. साडी मऊ असते, सुई हातात असते, म्हणून ते जमतं. तोच क्रम जीन्सला लावला की फसतो. इथे प्रत्येक चौकोन जीन्स आणि फ्लॅनेल असा दोन्ही बाजूंनी आधी पुरा करायचा आणि तयार चौकोन एकमेकांना जोडायचे. जोडाची माया, म्हणजे टिपेच्या बाहेर उरणारी कापडाची कड, जीन्सच्या बाजूला मुद्दाम उघडी ठेवायची आणि तिला कातरे मारायचे. धुतल्यावर तिच्या दशा सुटतात आणि प्रत्येक चौकोनाभोवती पांढरी-निळी झुरमुळं तयार होतात. दुसऱ्या बाजूला सपाट, मऊ फ्लॅनेल राहतं. मध्ये कापूस नाही, वेगळं अस्तर नाही, कडेला गोटही नाही.

खाली एका माणसाच्या पांघरुणाचं माप धरलं आहे. पहिल्यांदाच करत असाल तर ५ × ६ चौकोनांची, म्हणजे साधारण ३५ × ४२ इंचांची, गुडघ्यांवर घ्यायची छोटी करा. काम तेच, चौकोन मात्र ३०.

## टप्पा १: कात्री उचलण्याआधी हिशेब

चौकोन ८ इंचांचा कापायचा. चारही बाजूंना अर्धा इंच माया. म्हणजे शिवल्यावर दिसणारा चौकोन ७ इंचांचा. आडवे ९ आणि उभे १२ घेतले तर १०८ चौकोन लागतात आणि गोधडी ६३ × ८४ इंच होते. भोवती अर्ध्या इंचाची झालर उरते ती वेगळी.

जीन्स: मोठ्या माणसाच्या, सरळ पायाच्या एका जीन्समधून ८ ते १० चांगले चौकोन निघतात. गुडघे विरलेले असतील तर कमी. पायाला चिकटणाऱ्या जीन्समधून ४-५ निघाले तरी पुष्कळ. त्यामुळे १०८ चौकोनांसाठी १२-१४ जीन्स हाताशी हव्यात. घरात एवढ्या नसतात. नातेवाइकांना आधी सांगून ठेवा, चौकोन अर्धे कापून झाल्यावर नको.

फ्लॅनेल: ४४ इंची पन्हा असेल तर एका रांगेत ५ चौकोन बसतात, २२ रांगा लागतात, म्हणजे साडेचार मीटर. कापड आटतं आणि टोकं सरळ करण्यात जातं, म्हणून सव्वापाच मीटर घ्या. ३६ इंची पन्ह्यात ४ चौकोन बसतात, २७ रांगा होतात, तेव्हा साडेसहा मीटर.

धागा: पॉलिस्टरचा, मजबूत. सगळ्या टिपांची लांबी मी मोजली आहे. फुल्या (प्रत्येक चौकोनावरच्या दोन तिरप्या टिपा) आणि दुहेरी जोड मिळून सुमारे १४० मीटर शिवण होते. वरचा आणि खालचा धागा मिळून त्याच्या तिप्पट लागतो, वाया जाणारा धरून ५०० मीटर आणून ठेवा. आईच्या डब्यातली जुनी सुती रिळं इथे काढू नका. सुती दोरा वर्षानुवर्षं पडून कुजतो. हाताने झटका देऊन बघा, पट्‌कन तुटला तर तो फक्त कच्च्या टाक्यांना चालेल.

तयार गोधडीचं वजन अडीच किलोच्या आसपास भरतं. ओली झाल्यावर दुप्पट किंवा त्याहून जास्त. ज्या माणसासाठी शिवताय त्याला एवढं वजन झेपेल का, हा विचार आत्ताच करा. थकलेल्या आजीला ही द्यायची तर छोटी करून मांडीवर घ्यायला द्या. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर तर जड पांघरूण आणि सुटे धागे दोन्ही नकोत.

## टप्पा २: कापड पारखणं

सगळ्यात जास्त गोधड्या इथे बिघडतात आणि बिघाड कळतो तो मात्र शेवटी, धुतल्यावर.

जीन्सचे तीन ढीग करा. पहिला जाड, न ताणणाऱ्या सुती जीन्सचा. दुसरा पातळ जीन्सचा, म्हणजे शर्ट किंवा कुर्त्याच्या डेनिमचा. तिसरा ताणल्या जाणाऱ्या, लायक्रा असलेल्या जीन्सचा. हल्लीच्या बहुतेक जीन्स या तिसऱ्या ढिगातच पडतात. ओळखायला सोपं: चार इंच कापड आडवं धरून ओढा. अर्ध्या इंचाहून जास्त वाढलं तर ते ताणाचं. असं कापड कापताना सरळ असतं, शिवताना लांबतं आणि सोडल्यावर आखडतं, शेजारचा चौकोन मग फुगतो. त्याच्या दशाही नीट सुटत नाहीत. तिसरा ढीग पिशव्यांसाठी ठेवा.

पहिला आणि दुसरा ढीग एकाच गोधडीत घ्यायला हरकत नाही, पण पातळ चौकोन एका कोपऱ्यात गोळा करू नका, सगळीकडे विखरा.

रंगाची परीक्षा वेगळी. ओला पांढरा रुमाल जीन्सवर जोरात घासा. निळा झाला तर ती जीन्स अजून रंग सोडते आहे. मीठ किंवा व्हिनेगर घालून नीळ पक्की होते असं अनेक जणी सांगतात. होत नाही. सुटा रंग धुऊनच काढावा लागतो. अशी जीन्स तीन-चार वेळा एकटी धुवा. तरीही रुमाल निळा होत असेल तर तिच्यासोबत पांढरं किंवा फिकट पिवळं फ्लॅनेल घेऊ नका, गडद चौकड्यांचं घ्या.

आता फ्लॅनेल. दुकानात फ्लॅनेल मागितलं की पुष्कळदा फ्लीस पुढे येतं, कारण तेही मऊ आणि लवदार असतं. फ्लीस पॉलिस्टरचं असतं. कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरा आणि मोरीत, पाण्याजवळ पेटवा. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर सुती. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर, परत करा. दाट विणीचं फ्लॅनेल निवडा. उजेडासमोर धरल्यावर बोटं स्पष्ट दिसली तर ते लंगोटाच्या कामाचं, या जोडाला टिकणार नाही.

सावधान: जुनी जीन्स आटायची तेवढी आधीच आटलेली असते. नवं सुती फ्लॅनेल अजून आटायचं असतं. न धुता वापरलं तर पहिल्या धुण्यात फ्लॅनेल आखडतं आणि जीन्सचा प्रत्येक चौकोन उशीसारखा फुगून येतो. फ्लॅनेल कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, इस्त्री करूनच कापायला घ्या. जीन्सही धुतलेल्याच हव्यात, शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारं काही न घालता.

## टप्पा ३: जीन्स सोडवणं आणि कापणं

कमरपट्टी, चेन, बटण, तांब्याचे रिव्हेट आधी काढून टाका. रिव्हेट सुईखाली आला तर सुईचं टोक उडून डोळ्यात जाऊ शकतं. मग पायांच्या दोन्ही शिवणी, आतली आणि बाहेरची, उसवू नका. उसवत बसण्यात संध्याकाळ जाते आणि हाती येतं ते दुमडून काळपट झालेलं अर्धा इंच कापड. शिवणीला लागून दोन्हीकडून कात्री चालवा आणि ती जाड दोरी बाजूला फेका. एका जीन्सचे चार लांब तुकडे मिळतील.

काही जणी सौंदर्य म्हणून मूळ शिवण चौकोनाच्या मधोमध ठेवतात. दिसते छान. पण ती शिवण कडेला पोहोचते तिथे कापडाचे तीन-चार थर आधीच असतात आणि जोडात त्यावर आणखी चढतात. मशीन तिथेच अडणार. खिसा हवा असेल तर चौकोनाच्या मध्यावर, सगळ्या कडांपासून एक इंच आत राहील असा घ्या. खिसा उसवून काढलात तर खालचा गडद ठसा मिळतो. मला तो खिशाहून जास्त आवडतो.

साचा पुठ्ठ्याचा करू नका. दहा-बारा चौकोनांनंतर त्याच्या कडा खडूने आणि कात्रीने खचतात आणि माप हळूहळू वाढत जातं. सुताराकडून सनमायकाचा ८ × ८ इंचांचा तुकडा काटकोनात कापून आणा. टाकाऊ तुकड्यातून निघतो, पैसेही बहुधा घेत नाहीत.

साचा ठेवायचा तो उभ्या धाग्यावर. जीन्सची वीण तिरपी असल्याने धुऊन धुऊन पाय पीळ खातात. तुमच्याही एखाद्या जीन्सची बाहेरची शिवण घोट्याजवळ पुढे वळलेली असेल. म्हणून खालची कड किंवा जुनी शिवण सरळ मानून साचा ठेवला तर चौकोन तिरका येतो. कडेचा एक निळा धागा ओढून काढा, तो जिथून निघतो ती खरी सरळ रेष. साच्याची एक कड तिला समांतर ठेवा.

कापताना कात्रीखाली जीन्सचे दोनच थर. फ्लॅनेलचे चार चालतील. रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचा) आणि त्याच्याखाली घ्यायची चटई असेल तर काम निम्म्या वेळात होतं, नसेल तर खडू आणि मोठी कात्री पुरेशी आहे.

तपासा: दहा-दहा चौकोनांची चवड करून टेबलावर उभी आपटा, पत्त्यांचा जोड आपटतात तशी. जो बाहेर डोकावेल तो छाटा. जो आत राहील तो बाद. पाव सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चाललं असतं, पण इथे फरक साठत जातो. प्रत्येक चौकोन एक सूत मोठा राहिला तर नऊ चौकोनांच्या रांगेत इंचभराहून जास्त फरक पडतो.

## टप्पा ४: मशीनची तयारी आणि चार चौकोनांचा नमुना

सुई १६ नंबरची, जीन्ससाठी मिळते ती. जोडांना १८ नंबरही लागू शकते. दुकानात आपली मशीन सांगून घ्या. घरगुती मशीनच्या सुईची दांडी एका बाजूने चपटी असते, टेलरच्या जुकी मशीनच्या सुईची गोल. चुकीची आणली तर टाकाच पडत नाही आणि आपण उगाच मशीनला दोष देतो. किमान पाच सुया आणा. प्रत्येक ३०-४० चौकोनांनंतर बदला, ती मोडायची वाट पाहू नका. बोथट सुई ठक-ठक आवाज करते, कान द्या.

टाक्याची लांबी ३ ते ३.५ मिलिमीटर. बारीक टाका जाड कापडाला भोकं पाडतो आणि उसवायची वेळ आली तर रडवतो.

काळी पायाची मशीन घरात पडून असेल तर तीच बाहेर काढा. हलक्या, प्लॅस्टिकच्या विजेच्या मशीनपेक्षा ती या कामात सरस ठरते, असा माझा अनुभव आहे. पट्टा सैल असेल तर आधी तोकडा करून घ्या, नाहीतर जाड जोडावर चाक फिरतं आणि सुई जागेवर राहते.

आता थेट गोधडीला हात घालू नका. टाकाऊ जीन्स आणि उरलेल्या फ्लॅनेलचे चार जोड घ्या आणि टप्पा ५ ते ७ त्यांच्यावर करून बघा. बाहेरची टीपही मारा. दोन समोरासमोरच्या बाहेरच्या टिपांमधलं अंतर १४ इंच आलं पाहिजे. १४ पेक्षा कमी असेल तर तुमची माया अर्ध्या इंचाहून जास्त पडते आहे. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून अर्ध्या इंचावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासून चालवा. सुईकडे बघत शिवणाऱ्यांची माया नेहमी वाकडी जाते. नजर पट्टीवर ठेवा.

तपासा: खाली दोऱ्याचे झोल पडत असतील तर बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर उचलून पुन्हा ओवा, मगच ताणाच्या चाकाला हात लावा. वरचा दोरा रेषेसारखा सरळ पडून त्यावर खालच्या दोऱ्याच्या गाठी दिसत असतील तर वरचा ताण थोडा सैल करा.

## टप्पा ५: चौकोनावर फुली

फ्लॅनेलची उलटी बाजू वर करून ठेवा. त्यावर जीन्सची उलटी बाजू खाली येईल असा चौकोन ठेवा. दोन्हीकडे सुलट दिसलं पाहिजे. जीन्सची उलटी, फिकट बाजू अधूनमधून वर घेतली तर नक्षी छान उठते. तेवढं ठरवून करा, चुकून नको.

जीन्सच्या बाजूला खडूने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली आखा. दोन टाचण्या पुरे. शिवताना फ्लॅनेल खाली, जीन्स वर. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात आणि फूट वरचं मागे रेटतो. वर फ्लॅनेल ठेवलं तर ते लाटेसारखं पुढे सरकून कोपऱ्यात गोळा होतं. जीन्स कडक असते, ती रेटली जात नाही. मशीनला वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही पुढे नेणारा फूट, बसत असेल तर हा त्रास जवळजवळ संपतो.

टीप कोपऱ्याच्या टोकापासून सुरू करू नका. जिथे दोन्ही मायांच्या रेषा मिळतात त्या बिंदूपासून सुरू करा आणि समोरच्या तशाच बिंदूला थांबा. सुरुवातीला आणि शेवटी दोन टाके मागे. असं केल्याने पुढे माया कातरताना फुलीचा दोरा तुटत नाही आणि जोडाच्या कोपऱ्यात दोऱ्याच्या गाठी साठत नाहीत. तिरप्या रेषेवर कापड ताणतं, म्हणून चौकोन हाताने ओढू नका. नुसती दिशा द्या.

चौकोनामागून चौकोन, मध्ये दोरा न तोडता माळेसारखे शिवत गेलात तर एका बैठकीत २५ सहज होतात. २५ झाले की थांबा. पत्रा काढून ब्रशने लव झाडा, दोन थेंब तेल घाला. फ्लॅनेलची लव बॉबिन केसभोवती कापसाच्या पेळूसारखी साठते आणि टाके चुकायला लागतात.

## टप्पा ६: मांडणी

सगळे चौकोन जमिनीवर, जीन्सची बाजू वर करून मांडा. गडद-फिकट विखुरलेले आहेत का ते खुर्चीवर उभं राहून बघा. मोबाइलमध्ये फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून पाहा, गडद रंगाचे पुंजके लगेच दिसतात. दुसऱ्या बाजूचं फ्लॅनेल दोन-तीन नक्षींचं असेल तर ती बाजूही इथेच ठरते हे बऱ्याच जणी विसरतात. फ्लॅनेलवर उभ्या रेषा किंवा चित्रं असतील तर चौकोनाची दिशा उलटी होऊ देऊ नका.

प्रत्येक रांगेची चवड करा आणि वरच्या चौकोनाला चिठ्ठी टाचा: रांग १, डावीकडून. दुपारच्या झोपेतून उठलेली मुलं आणि पंखा यांच्यावर भरवसा ठेवू नये.

## टप्पा ७: जोडणं, आणि चौफुलीवरची कसरत

दोन चौकोन घ्या. फ्लॅनेलला फ्लॅनेल लावा. जीन्स दोन्हीकडून बाहेर दिसेल. अर्ध्या इंचावर टीप मारा, मग तिच्यावरूनच दुसरी. उघडून बघा: माया जीन्सच्या बाजूला उभी राहिली, फ्लॅनेलकडे नुसती रेष दिसते. आपण लहानपणापासून सुलटीला सुलट लावून शिवत आलो, त्यामुळे हात आपोआप जीन्सला जीन्स लावतात. प्रत्येक जोडाआधी तोंडाने 'फ्लॅनेलला फ्लॅनेल' म्हणा. मी अजूनही म्हणते.

आधी रांगा पूर्ण करा. ९ चौकोनांच्या १२ रांगा. मग रांगेला रांग.

रांगा जोडताना चार चौकोन जिथे मिळतात ती चौफुली येते. सगळ्या सुया इथेच मोडतात, म्हणून थोडं थांबून मोजू. साध्या जोडात चार थर असतात: दोन जीन्सचे, दोन फ्लॅनेलचे. चौफुलीवर वरच्या रांगेची माया आणि खालच्या रांगेची माया दोन्ही एकाच बाजूला दुमडल्या गेल्या तर तिथे १२ थर होतात, त्यातले सहा जीन्सचे. घरगुती मशीन ते खात नाही. तीच माया फाकवून दोन्हीकडे पसरली, किंवा वरची डावीकडे आणि खालची उजवीकडे वळवली, तर थर आठच राहतात. मी फाकवते, कारण त्यामुळे झुरमुळं चारही बाजूंना सारखी पडतात. फाकवून दोन्हीकडे एकेक टाचणी आडवी लावा.

शिवताना चौफुलीच्या अर्धा इंच आधी थांबा. पाय मशीनवरून काढा. फूट पुढून उचलला जाऊन तिरका होत असेल तर जीन्सची एक घडी त्याच्या मागच्या बाजूखाली सरकवा, फूट समपातळीत आला की दाते कापड पकडतात. मग चाक हाताने फिरवत चार-पाच टाके घाला. टाचणी सुईखाली येण्याआधी काढा. घडी काढून पुढे चला. ८ × ११, म्हणजे ८८ चौफुल्या आहेत. प्रत्येकीला अर्धं मिनिट दिलं तर तासही लागत नाही आणि सुया वाचतात.

एक-एक रांग जोडत गेलात तर शेवटी ११ रांगांचं ओझं मांडीवर येतं. त्यापेक्षा जोड्या करा: १-२, ३-४, ५-६. मग त्या जोड्या एकमेकींना. मोठे जोड फक्त शेवटचे दोन-तीन राहतात. त्या वेळी मशीनच्या डावीकडे स्टूल किंवा दुसरं टेबल ठेवा. गोधडी खाली लोंबली की तिच्या वजनाने कापड मागे ओढलं जातं आणि टाके आखूड-लांब पडतात.

तपासा: प्रत्येक जोडानंतर फ्लॅनेलची बाजू उलटून हात फिरवा. मध्येच चुण्या किंवा जोडात न सापडलेली कड लागली तर आत्ता उसवा. कातरे मारल्यावर दुरुस्ती अवघड होते.

## टप्पा ८: बाहेरची कड

चारही बाजूंना कडेपासून अर्ध्या इंचावर टीप मारा. कोपऱ्यात सुई खाली ठेवून कापड वळवा. पूर्ण फेरी झाली की पहिल्या टिपेला लागून, आतल्या अंगाला, दुसरी. इथे ओढाताण सगळ्यात जास्त होते, दुसऱ्या टिपेचा कंटाळा करू नका.

## टप्पा ९: कातरे

माया उभी धरून दर अर्ध्या इंचाला टिपेच्या दिशेने कातरा मारायचा. टिपेच्या एक सूत आधी थांबायचं. अर्ध्या इंच मायेत हा अंदाज हाताला बसायला दहा-बारा कातरे जातात, म्हणून पहिले कातरे नमुन्यावर मारा.

सगळे जोड मिळून १६५९ इंच होतात. म्हणजे ३३०० च्या आसपास कातरे, त्यातले बहुतेक चार-चार थरांतून. साध्या कात्रीने अंगठ्याच्या मुळाशी फोड येतो. स्वतः उघडणारी, स्प्रिंगची छोटी कात्री घ्या आणि काम चार दिवसांत वाटा. कात्रीचं टोक धारदार हवं, कारण कापायचं टोकानेच आहे. पात्याच्या मधल्या भागाने कापायला गेलात तर टोक टिपेच्या पलीकडे गेलेलं असतं.

चौफुलीवर फाकवलेल्या माया आडव्या शिवल्या गेलेल्या असतात, त्यांनाही एकेक कातरा द्या. खालच्या फ्लॅनेलला पकडू नका. दुसऱ्या हाताचं बोट मायेच्या मागे ठेवा, कापडाचे किती थर आहेत ते बोटाला कळतं.

सावधान: कातरा टिपेला लागलाच तर धुण्याआधी दुरुस्त करा. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना इंचभर पुढे-मागे, मूळ टिपेच्या एक सूत आत, नवी टीप मारा. फ्लॅनेलच्या बाजूला अगदी किंचित वळण दिसेल. दिसू दे. न शिवता धुतलंत तर त्या जागी भोक पडून दोन इंचांपर्यंत वाढतं.

## टप्पा १०: पहिली धुलाई

पावसाळ्यात ही धुवायला काढू नका. जाड जोड दोन-तीन दिवस आतून ओले राहतात आणि कुबट वास धरतो. ऑक्टोबरचं ऊन उत्तम.

धुण्याआधी गच्चीवर किंवा अंगणात नेऊन दोघांनी चार टोकं धरून जोरात झटका. पहिल्या पाण्यात धाग्यांचा एवढा लगदा सुटतो की मशीनची जाळी तुंबते. म्हणून पहिली धुलाई टबात, थंड पाण्यात, हाताने करा. पाणी ओतताना मोरीच्या तोंडावर जाळी ठेवा. दुसऱ्या वेळेपासून वॉशिंग मशीन चालेल, पण गोधडी एकटीच टाका. पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधा आणि धुऊन झाल्यावर आतली जाळी साफ करा.

पिळू नका. उन्हात दोन दोऱ्यांवर पसरून, जीन्सची बाजू बाहेर ठेवा. अर्धवट वाळली की कपड्यांच्या कडक ब्रशने झुरमुळं घासा, पूर्ण वाळली की पुन्हा झटका. परदेशात ड्रायर वापरणाऱ्यांच्या दशा एकाच फेरीत फुलतात. पण दर १०-१५ मिनिटांनी थांबवून गाळणी रिकामी करायलाच हवी, साठलेले धागे गरम हवेत पेटू शकतात.

पहिल्या धुण्यानंतर झुरमुळं विरळ आणि ताठ दिसतात आणि पुष्कळ जणी निराश होऊन आणखी कातरे मारायला बसतात. तसं करू नका. तिसऱ्या धुण्यापर्यंत थांबा, दशा भरतात. मधल्या काळात लांब लोंबणारे धागे ओढून काढू नका, कात्रीने छाटा.